कुणाला न दिसणारा श्री

कीर्तनकार मोतीरामबुवांचा आवाज दिवाळीनंतर बसला तो बसलाच. तेव्हापासून त्यांचे जुने श्रोते असलेल्या पुंडलिकरावांना दुपारची डुलकी लागली, की बुवांचं कीर्तन दिसायचं. चिपळ्या वाजताहेत, पेटी सूर धरून आहे, आणि बुवा नुसतेच ओठ हलवताहेत. जाग आली तरी पडेगावच्या घराच्या भिंती घटकाभर झुलत राहायच्या.

म्हणून त्यांनी मनावर घेतलं: बुवांची जुन्या टेपांवरची कीर्तनं उतरवायची आणि फोनवर वाचता येतील अशी मांडायची, तीही बुवांच्या डोळ्यांदेखत. सून तनुजा कंपनीत यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहायची, तिला यातलं कळत होतं. पण तिची पुण्याला बदली झाली होती. ती गेल्यावर एकट्याला जमलं तरच हे काम तडीस जाणार.

"मामा, अक्षरं ठळक करत बसू नका," तनुजा म्हणाली. "कुठलं काय आहे तेवढी खूण करा. सजवायचं काम सॉफ्टवेअरचं."

"म्हंजी हा पूर्वरंग, हे आख्यान, एवढंच सांगायचं?"

"व्हय, एवढंच."

हे त्यांना लई पटलं. बुवासुद्धा तबलजीकडं नुसती नजर टाकायचे, ठेका आपोआप बदलायचा.

पण पहिलंच सॉफ्टवेअर अडलं. पान काही तयार होईना. तनुजानं फाइल पाहिली आणि कपाळावर हात मारला. अगदी वर लिहिलं होतं, ॥ श्री ॥.

"मामा, इथं पहिली ओळ त्याच्या स्वतःच्या खुणेची लागते. तिच्या वर काही चालत नाय."

"श्रीच्या वर कोण बसतं गं?"

"काढा ना तेवढं!"

"किराण्याच्या चिठ्ठीवर बी श्री घालणारा माणूस मी. बुवांच्या कीर्तनावरून काढू व्हय?"

दुसऱ्या सॉफ्टवेअरला श्री चालला, पण ओळीओळीला कंस आणि उलट्या रेघा. पुंडलिकरावांनी चष्मा काढून ठेवला. "ही तर नुसती टाळांची खणखण. यात बुवा कुठं हायेत?"

मग तनुजानं असायडॉक नावाचं तिसरं सॉफ्टवेअर उघडलं. कीर्तनाच्या नावाआधी बरोबरचं (=) एक चिन्ह, प्रकरणाआधी दोन. "आणि दोन तिरप्या रेघा देऊन पुढं काहीही लिहा. ती ओळ सॉफ्टवेअर सोडून देतं. पानावर दिसत नाय."

पुंडलिकराव खिडकीबाहेर बघत राहिले. दूर देवगिरी किल्ला धुक्यात अर्धा विरघळला होता. तंबोऱ्यावाला मागं बसतो, त्याच्याकडं कोण बघतं? पण सूर त्याच्याच आधारानं उभा असतो.

"दिसंना का श्री. असंल ना पण?"

"फाइलीत सगळ्यात वर असेल."

"मग हेच घे."

दुसऱ्या दिवशी तनुजा मुद्दाम स्वयंपाकघरात थांबली. संगणकाच्या पडद्यावरच्या काळ्या खिडकीत पुंडलिकरावांनी एका बोटानं पान तयार करायची आज्ञा टाइप केली. चूक आली. एक अक्षर राहिलं होतं. त्यांनीच शोधून भरलं. आणि पान उघडलं, शांत, स्वच्छ, जसं बुवा उभे राहताच मंडप गप्प व्हायचा.

संध्याकाळी पुंडलिकराव बुवांकडं गेले. बुवांनी फोन हातात धरला. वाचता वाचता गुडघ्यावर ठेका सुरू झाला, ओठ हलू लागले. आख्यानात ते थबकले. कागद ओढून त्यांनी लिहिलं, 'इथं लोक हसायचे. हसायला जागा ठेव.'

"ठेवतो, बुवा."

घरी तनुजा बॅग भरत होती. पुंडलिकरावांनी तिला हाक मारली नाही. फाइल उघडून, बुवा थबकले होते तिथं वाक्य तोडलं, मधे एक ओळ रिकामी सोडली, आज्ञा दिली. नव्या पानावर थोडी पांढरी जागा उमटली, आणि तिच्याकडं बघता बघता भरल्या मंडपासारखं त्यांना एकट्यालाच हसू फुटलं.