एकास नऊ

सलग दुसरी फिल्म वाया गेली. धाकटीने ती धुवायच्या डब्यातून काढून दिव्यासमोर धरली, तर निगेटिव्ह इतकी फिकी की चेहऱ्यांच्या जागी नुसता धूर.

ती दातांच्या दवाखान्यात नंबर लावायचं काम करायची आणि सुट्टीच्या दिवशी फोटोग्राफीच्या वर्गाला जायची. बाथरूमच्या खिडकीला काळा कागद चिकटवून तिने घरच्या घरी डार्करूम थाटली होती. वर्गातल्या बाईंनी सुरुवातीलाच बजावलं होतं, बाटलीतला डेव्हलपर, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणारं रसायन, एक भाग आणि पाणी नऊ भाग. पाणी फार गरम नको, फार गार नको. मिसळलेलं एकदाच वापरायचं आणि ओतून द्यायचं. धाकटी हे सगळं इमानेइतबारे करत होती. आधीच्या फिल्म छान आल्या होत्या, म्हणूनच तिला कळेना की घोडं कुठे अडलंय.

घरात तेव्हा ताई होती. नवऱ्याला सोडून, एका बॅगेनिशी धाकटीकडे आली होती. का सोडलं, हे तिला कुणालाच धड सांगता येत नव्हतं. भाऊजी हात उगारणारे नव्हते, आवाजही चढवत नसत. सगळ्यांना ते आवडायचे, धाकटीलासुद्धा. ताईची समजूत घालायला ते एकदा आले होते, तेव्हा चहाला दूध नव्हतं. "तू कशाला जिने उतरतेस? किल्ली दे, मीच आणतो," म्हणाले. यायला बराच वेळ लावला. "गाय शोधायला गेला होतात का?" असं धाकटीने विचारलं, तर मनापासून हसले होते.

त्यानंतर काही दिवसांनी ताईचं सुरू झालं. आपण कामाला गेलो की घरात कुणीतरी येऊन जातं, असं ती म्हणायची. कपाट मी लावून गेले होते. उशी अशी नव्हती.

"काही गेलंय का घरातलं?" धाकटी विचारायची.

"नाही."

"मग चोर काय उशी सरळ करायला येतो? ताई, तू दमली आहेस. जरा झोप."

दवाखान्यातल्या डॉक्टरांकडून तिने मनाच्या आजारांवरच्या एका डॉक्टरांचा नंबरही आणून ठेवला होता.

फिक्या निगेटिव्ह पाहून बाई म्हणाल्या, "नवी बाटली घे. कोऱ्या फिल्मचं टोक कापून जुन्या-नव्या दोन्हींत बुडव. उजेडातच कर, म्हणजे दिसेल."

धाकटीने दोन वाट्यांत एकास नऊ मिसळलं आणि तुकडे सोडले. नव्या बाटलीतल्या डेव्हलपरमध्ये टोक बघता बघता काळं झालं. जुन्यातलं राखाडी झालं आणि तिथेच थांबलं. तिने बाटली उचलून पाहिली. डेव्हलपर शिळा झाला की काळपट होतो, हा तर आधीपेक्षा उजळ होता. आणि बाटली मात्र होती तेवढीच भरलेली होती, लेबलच्या वरच्या कडेपर्यंत.

तिने फळीखालची बादली सरकवली. फरशीच्या सांध्यांत तपकिरी रेघा उमटल्या होत्या. सांडलेला डेव्हलपर आधी दिसत नाही, मागाहून रंग धरतो. फरशी कुणीतरी लख्ख पुसली होती, पण सांध्यांतलं राहून गेलं होतं.

ताई कामावरून आली तेव्हा धाकटी तापलेलीच होती. "सांडली तर सांडली, ताई. वर पाणी भरून ठेवायचं काय नडलं होतं?"

ताई बाथरूमच्या दारात उभी राहून त्या रेघांकडे बघत राहिली. मग स्टुलावर बसली.

"मी हात लावला नाही गं. तो असंच करतो. सांडलं की पुसतो, होतं तेवढं परत भरतो. मग मी म्हटलं, इथे काहीतरी सांडलं होतं, की विचारतो, कुठे? दाखव."

धाकटीला दूध आठवलं. ते आणायला भाऊजींनी किल्ली नेली होती आणि बराच वेळ लावला होता.

"पण इथे बाथरूममध्ये काय करत होते ते?"

"मागे एकदा मी जेवणाचा डबा विसरले म्हणून मधेच परत आले होते," ताई हळू आवाजात म्हणाली. "हे दार अर्धं लोटलेलं होतं. याच्या मागे माणूस मावतो."

धाकटीने ते दार पुढे ओढून मागे पाहिलं. मग धाकटीने तो डॉक्टरांचा नंबर फाडून टाकला आणि कुलूपवाल्याला बोलावलं.

दुसऱ्या दिवशी दोघी कामाला गेल्या नाहीत. दुपारी कुलपात किल्ली शिरली. फिरेना. बाहेर काढून पुन्हा घातली गेली, सावकाश, अजिबात घाई न करता. मग बेल वाजली.

"कोणी आहे का घरात?" भाऊजींचा आवाज नेहमीसारखाच गोड होता. "सहज आलो होतो, काळजी वाटली म्हणून."

धाकटीने फोन हातात घेतला. ताई उठली आणि दाराला हात न लावता म्हणाली, "कुलूप बदललंय."

"का गं? काय झालं?"

"तू बाटलीत पाणी घातलंस."

पावलं खाली गेली नाहीत. धाकटीने पोलिसांना फोन लावला. ते आले तेव्हा भाऊजी पायरीवर बसलेले होते. "बायकोची तब्येत बरी नसते हो, काहीबाही भास होतात," ते हवालदाराला सांगत होते. हवालदार मान डोलावत ऐकत होता. मग त्याने विचारलं, "ही किल्ली कुठून आणली?" त्यावर भाऊजींनी किल्ली मुठीत झाकली.

तक्रार लिहून घेतली गेली, किल्ली पोलिसांनी ठेवून घेतली. भाऊजी पुन्हा आले नाहीत. निदान दाराशी तरी नाही. खालच्या काकूंनी मात्र एकदा त्यांना पलीकडच्या फुटपाथवर पाहिलं. काकूंना ओळख दाखवून त्यांनी विचारलं म्हणे, मुली बऱ्या आहेत ना?

धाकटीने पुढची फिल्म धुवायला घेतली. फिल्म डब्यात चढवायला मिट्ट काळोख लागतो. तिने बाथरूमचं दार लावलं, दिवा मालवला, आणि तिची बोटं थांबली.

"ताई, आहेस ना?"

"आहे. दाराला पाठ लावून बसलेय."

"बोलत राहा काहीतरी."

"काय बोलू?"

"काहीही. फक्त तुझा आवाज येऊ दे."

ताई कामावरच्या मैत्रिणीची काहीतरी गोष्ट सांगू लागली आणि धाकटी अंधारात चाचपडत फिल्म चढवू लागली.