बॉनेटवरची परातीएवढी जागा

शिलाईकाकूंच्या हातून आयुष्यात कधी कापड वाया गेलं नव्हतं. गल्लीत कुणालाही विचारा. पडद्याच्या उरलेल्या तुकड्यातून त्या उशीचा अभ्रा काढायच्या, अभ्रा विरला की त्याची पिशवी व्हायची, आणि पिशवी फाटली की तिचं पायपुसणं. अशा बाईनं कापडाच्याच पायी गाडीचं वाटोळं करावं, आता याला काय म्हणायचं? नशीब म्हणायचं, दुसरं काय!

त्या गुरुवारी सकाळी गाडी घेऊन त्या पॉलिशवाल्याच्या दुकानात आल्या, तेव्हा त्यांचा जीव टांगणीला लागला होता. रविवारी लेक येणार होती आणि गाडी कायमची घेऊन जाणार होती. गाडी तिच्या बाबांनी जशी ठेवली होती तशीच तिच्या हातात द्यायची, एवढंच काकूंच्या मनात होतं. "आईनं दोन वर्षांत बाबांच्या गाडीची पार रया घालवली," हे वाक्य त्यांना लेकीच्या तोंडून ऐकायचं नव्हतं. आणि मुलगी तोंडानं बोलली नसती तरी डोळ्यांनी बोललीच असती. डोळे बापाचे घेतले होते ना!

बाप चष्मेवाला. चौकातल्या दुकानात चाळीस वर्षं त्यांनी लोकांच्या काचा घासल्या, आणि सगळे त्यांना चष्मेवालेच म्हणायचे. मुलखाचा शांत माणूस. गिऱ्हाईक तासभर हुज्जत घालून काही न घेता निघून गेलं तरी हे आपले हसून "या परत" म्हणणार. पण कुणी फडकं घेऊन त्या गडद निळ्या गाडीजवळ जाऊ दे, की कुठल्या कुठे जायचा तो शांतपणा! "हात लावायचा नाही!" बायकोलासुद्धा हेच. आणि गंमत बघा, त्याच बायकोला त्यांनी स्वतः गाडी चालवायला शिकवलं होतं. काकूंनी ती फाटकाला घासली, दिव्याच्या खांबावर नेऊन टेकवली, एकदा तर भाजीवाल्याच्या हातगाडीत घातली. चष्मेवाले खाली उतरून फक्त "खांबाला फार लागलं नाही ना?" असं विचारायचे. चालव, कुठे हवी तिथे ने, हवी तशी ठोक. फक्त पुसायची नाही!

"मी काय परकी आहे?" काकू फणकारायच्या. "लोकांच्या लग्नाचे कपडे माझ्या भरवशावर असतात, आणि तुमच्या त्या पत्र्याला माझा हात चालत नाही?"

"चालत नाही," चष्मेवाले म्हणायचे, आणि बादली घेऊन बाहेर जायचे. रविवारी तर गाडी आणि मुलगी दोन्ही घेऊन ते बंद दुकानाच्या मागच्या अंगणात जायचे, "काचांचं काम आहे" म्हणून. दुपारी दोघं परत यायची, घामाघूम आणि भुकेली. काकू पानं वाढता वाढता बडबडायच्या, आणि बापलेक एकमेकांकडे बघत गुपचूप जेवायची. आज ती पानं डोळ्यांसमोर आली, की काकूंना वाटायचं, मेलं उगीच बडबडलो आपण. तेवढाच वेळ त्यांच्याजवळ नीट बसायला हवं होतं.

दोन वर्षांपूर्वी चष्मेवाले गेले. आणि महिन्याभरानं एका सकाळी काकूंनी त्यांचा जुना सुती बनियन कपाटातून काढला. धुऊन धुऊन लोण्यासारखा मऊ झालेला. त्याचे चार तुकडे केले. आता कडा मोकळी ठेवणं काही काकूंच्या रक्तात नाही. त्यांनी चारही तुकड्यांना मशीनवर छान दुहेरी शिवण घातली. मग बाहेर जाऊन गाडी पुसली. रोज. पाणीबिणी नाही, कोरडीच. गोल गोल हात फिरवत, कधी त्यांच्याशी बोलत, कधी त्यांच्यावर चिडत. "आता अडवा बघू मला," असंही एकदा त्या म्हणाल्या होत्या, आणि मग तिथेच बॉनेटवर डोकं टेकून रडल्या होत्या.

पॉलिशवाल्याचं दुकान म्हणजे पुढे एक फळ्यांची खोली आणि मागे पत्र्याची शेड. फळ्यांवर डबेच डबे. लाल झाकणाचे, पिवळ्या झाकणाचे, चपटे, उभे, फवाऱ्याचे. पॉलिशवाला चाळिशीचा होता, पण त्याचे शाळेचे गणवेश काकूंनीच शिवले होते, त्यामुळे त्या त्याला अजून अरेतुरे करायच्या.

"अरे, मला ते चकचकीत करायचं काय ते दे," काकू म्हणाल्या. "उन्हात गाडीवर कोळ्याची जाळी विणल्यासारखं दिसतंय. सगळीकडे गोल गोल रेघा."

"काकू, आधी सांगा, चरे घालवायचेत की झाकायचेत?"

"म्हणजे?"

"हे पॉलिश." त्यानं एक डबा पुढे ठेवला. "हे रंगाचा वरचा बारीकसा थर घासून काढतं. थर गेला की त्यातले चरे गेले, कायमचे. आणि हे वॅक्स. हे काही काढत नाही. चऱ्यात जाऊन बसतं आणि वरून चमकतं. चार-सहा आठवडे टिकतं, गाडी धुतली-पुसली की निघून जातं. मग चरे परत आपले जागच्या जागी."

"मग पॉलिशच दे ना. झाकायचे धंदे कशाला? मला काय कुणाला फसवायचंय?"

"आधी बघू तर द्या," तो म्हणाला, आणि गाडी शेडमध्ये घ्यायला सांगून त्यानं एक हातदिवा पेटवला.

दिवा बॉनेटजवळ आला तशा काकू पुढे वाकल्या. उन्हात दिसलं होतं त्याच्या दसपट. वर्तुळात वर्तुळं, आणि त्यात पुन्हा वर्तुळं. पॉलिशवाल्यानं मागच्या सीटवरचं फडकं उचललं, बोटांनी चाचपलं.

"कापड उत्तम आहे हो काकू. पण ही शिवण कशाला घातलीत? चरे या शिवणीनं पाडलेत. त्यात धूळ, आणि पुसलंय कोरडं."

काकूंनी फडकं हातात घेतलं आणि शिवणीवरून बोट फिरवलं. आयुष्यभर ज्या शिवणीवर पोट भरलं, तीच अशी उलटली होती.

"पण रडायचं कारण नाही," तो घाईनं म्हणाला. "हे वरवरचं आहे. पॉलिशनं जाईल सगळं." मग त्यानं खिशातून काडेपेटीएवढं एक यंत्र काढलं. रंग किती जाड उरलाय ते सांगणारं. ते तो एकेका ठिकाणी टेकवत गेला. टपावर एकशे दहा. दरवाजावर एकशे पाच. बॉनेटच्या उजव्या बाजूला शंभर. डाव्या बाजूला टेकवलं आणि तो थांबला. परत टेकवलं.

"पस्तीस," तो म्हणाला.

"म्हणजे काय?"

"म्हणजे इथे रंग नावापुरता आहे, काकू. इथे मशीन लावलं तर पाच मिनिटांत पत्रा दिसेल." त्यानं एका पांढऱ्या कपड्यावर काहीतरी औषध घेतलं आणि ती जागा हलकेच पुसली. कपडा निळा झाला. परत पुसली, परत निळा. "हा गाडीचा रंग नाही, निळं वॅक्स आहे. गडद गाड्यांसाठी मिळतं. चऱ्यांच्या पार तळाशी बसलंय, थरावर थर, म्हणून रोज पुसूनही उरलंय. हे दोन वर्षांचं काम नाही. कुणीतरी वर्षानुवर्षं ही जागा हातानं भरत आलंय."

वॅक्स निघालं तसं खालचं दिसायला लागलं. बारीक नव्हतेच ते चरे. खोल, वेडेवाकडे, एकमेकांत गुंतलेले. परातीएवढी जागा, डाव्या बाजूला, काचेच्या थोडी खाली.

ती जागा काकूंनी ओळखली. त्या शेडमधल्या स्टुलावर जाऊन बसल्या.

लग्नाला वर्ष व्हायचं होतं आणि गाडी येऊन आठच दिवस झाले होते. कुठून तरी बॉनेटवर डांबराचा गोळा उडाला होता. चष्मेवाले आंघोळीला गेलेले. एकवीस वर्षांच्या काकूंना वाटलं, बाहेर येतील तेव्हा गाडी कशी लखलखीत दिसेल! त्यांनी भांडी घासायची पावडर घेतली, तारेची घासणी घेतली, आणि पातेल्याचं जळकं बूड घासावं तसा सगळा जोर लावला. डांबर निघालं. पाण्याचा तांब्या ओतला आणि खालचे चरे बघून त्यांना घेरीच आली. चष्मेवाले टॉवेल खांद्यावर टाकून बाहेर आले, बॉनेट बघितलं आणि पांढरेफटक पडले. पण ओरडले नाहीत. काकूच इतक्या रडल्या की शेजारणी जमल्या. तसेच ते गाडी घेऊन गेले आणि संध्याकाळी परत आले. बॉनेट आरशासारखं! "पॉलिशनं गेलं सगळं," ते म्हणाले होते. "बघ, वाकून बघ. आहे का काही? मग आता डोळे पूस. आणि यापुढे गाडीला हात लावायचा नाही."

काकूंनी वाकून बघितलं होतं. खरंच काही नव्हतं. त्या रात्री त्या पोटभर जेवल्या होत्या आणि पुढे ती गोष्ट साफ विसरून गेल्या होत्या. लक्षात राहिलं ते फक्त "हात लावायचा नाही."

"पॉलिशनं गेलं होतं हे," त्या पॉलिशवाल्याला म्हणाल्या. "एकतीस वर्षांपूर्वीच."

"पॉलिशनं हे जाऊच शकत नाही, काकू," तो हळू आवाजात म्हणाला. "तेव्हाही नसतं गेलं."

काकूंनी पिशवीतून फोन काढला आणि लेकीला लावला. लेकीचं घरचं नाव बुटकी. लहानपणी होती म्हणून. आता आईपेक्षा वीतभर उंच. गेल्या खेपेला ती आली, तेव्हा सकाळी कितीतरी वेळ बॉनेटपाशी उभी होती, आणि चहाला बसल्यावर एकदम म्हणाली होती, "आई, गाडी मी घेऊन जाते." काकूंना ते फार लागलं होतं. बाप जाऊन पुरती दोन वर्षं नाहीत, तोच हिला गाडी हवी! रागाच्या भरात "ने हो ने, खुशाल ने" म्हणून त्या उठून गेल्या होत्या.

"बुटके," त्या म्हणाल्या, "तुझे बाबा माझ्याशी खोटं बोलले."

"कशाबद्दल?"

"बॉनेटबद्दल. माझ्या हातचे चरे होते तिथे. मी नवी नवरी असताना पाडलेले. गेले म्हणून सांगितलं मला, आणि गेलेच नव्हते."

पलीकडे लेकीनं कुठलं तरी दार ओढून घेतल्याचा आवाज आला.

"कळलंच का तुला शेवटी?" लेक म्हणाली.

"म्हणजे? तुला माहीत होतं?"

"आई, रविवारी आम्ही दुसरं काय करायचो दुकानाच्या मागे? मी डबा धरायचे, बाबा वॅक्स लावायचे. ते वाळेपर्यंत पायरीवर बसून गोष्टी सांगायचे. माझी नखं निळी व्हायची, आणि सोमवारी शाळेच्या शाईची म्हणून तूच ती घासून काढायचीस. तुला सांगणार नाही अशी शपथ घ्यायला लावली होती मला. सात वर्षांची होते मी."

"अगं पण का? एवढं काय होतं त्यात? मी काय मेले असते?"

"मी पण विचारलं होतं. म्हणाले, त्या दिवशी रडली तशी तुझी आई परत रडायला नको. आणि दर वेळी झालं की मला बॉनेटवर वाकायला लावायचे. 'आई इथे उभी राहील, इथून बघेल. दिसतंय का काही? नीट बघ.' गेल्या खेपेला बघितलं तर वरचं वॅक्स पार गेलं होतं, तळाचं तेवढं उरलं होतं. तू रोज पुसतेस म्हणालीस. मला वाटलं, आज ना उद्या तुला दिसणार. म्हणून म्हटलं, गाडी घेऊन जाते. मला गाडी कुठे ठेवायला जागा तरी आहे का गं?"

लेकीवर धरलेला इतक्या दिवसांचा राग एकदम काकूंच्या स्वतःवरच उलटला, आणि नवऱ्याचा असा राग आला की समोर असते तर त्यांना गदागदा हलवलं असतं. एकोणतीस वर्षं! आपण सगळ्या जगाला सांगत सुटलो, माणसापेक्षा पत्र्यावर जीव आहे यांचा. यांच्या बहिणीला सांगितलं, शेजारणींना सांगितलं, गिऱ्हाइकांना मापं घेता घेता सांगितलं. आणि हा माणूस समोर बसून ऐकत राहिला, हसत राहिला, एकदाही म्हणाला नाही की बाई, तुझ्याचसाठी आहे हे.

"आई? रागावलीस?"

"रागावले म्हणजे! तुम्हा दोघांना बडवून काढायला हवं," काकू म्हणाल्या, आणि फोन कानाला तसाच ठेवून हुंदके देत राहिल्या. लेकही पलीकडे रडत होती. पॉलिशवाला उगीचच पुढच्या खोलीत जाऊन डबे इकडचे तिकडे करू लागला.

थोड्या वेळानं काकूंनी नाक पुसलं. "रविवारी ये. गाडी मिळायची नाही. मला शिकव ते."

मग त्यांनी पॉलिशवाल्याला हाक मारली. बाकीच्या गाडीला पॉलिश कर म्हणाल्या, दोन वर्षांचा सगळा पसारा घालव. आणि निळ्या वॅक्सचा एक डबा बांधून दे.

"त्या जागेला मी आत्ताच लावून देतो ना, काकू," तो म्हणाला. "उघडं बरं नाही दिसत. दहा मिनिटांचं काम."

"नको," काकू म्हणाल्या. त्या बॉनेटपाशी गेल्या आणि चऱ्यांवर तळहात ठेवून उभ्या राहिल्या. "रविवारपर्यंत असंच राहू दे. त्यांनी एवढं काय काय झाकलं, ते तीन दिवस मला नीट बघू दे."