काचेवरचं कुंकू

शनिवारी दुपारी सव्वाबाराला मयुरी थूलने लेझर मध्येच बंद केला. थर निम्माही चढला नव्हता.

वर्ध्यातल्या एका महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र विभागात ती संशोधन करते. यिट्रियम, बेरियम, तांबं आणि ऑक्सिजन यांचा, केसापेक्षा शेकडो पट पातळ थर नखाएवढ्या स्फटिकाच्या चकतीवर चढवायचा, हे तिचं काम. थर नीट जमला तर खूप थंड केल्यावर त्यातून वीज काहीही विरोध न होता वाहते. नाही जमला तर चकतीवर नुसता काळा डाग उरतो.

ही शेवटची चकती होती. सोमवारी मुंबईच्या प्रयोगशाळेत तिच्या नमुन्याच्या तपासणीची वेळ ठरलेली आहे. ती हुकली तर पुढची उन्हाळ्यात, आणि प्रबंधाची मुदत डिसेंबरात संपते.

लेझर निर्वात पेटीच्या गोल काचेतून आत जातो, मिश्रणाच्या वडीवर आदळतो आणि जांभळट ज्वाला उठते. आज ज्वाला फिकी होती. मयुरीने काचेच्या अलीकडे किरणाची ताकद मोजली. ती बरोबर होती. म्हणजे ताकद काचेतच अडत होती.

"बंडूजी, या काचेला कोणी हात लावला?"

विभागाचे परिचर बंडूजी दारातच होते. "हात काऊन लावू? दसऱ्याले कुंकू लावलं फक्त. तेलात कालवून. नाईतर काचीवर टिकत नाई ना. मंग पुसलं बी."

"कशाने?"

"माह्या दुपट्ट्यानं. चकाचक केली, मॅडम."

दसऱ्याला विभागातल्या प्रत्येक यंत्राची पूजा होते. पंप, लेथ, झेरॉक्सचं मशीनसुद्धा सुटत नाही. त्या दिवशी मयुरी आईबरोबर नागपूरला दीक्षाभूमीवर होती.

"तुमी तिकडे गेलत्या, म्हून तुमच्या मशीनले मीच ओवाळलं," बंडूजी म्हणाले. "तुमच्या वाट्याचा पेढाबी ठेवलता. मंग सुकून जाईन म्हून खाऊन टाकला."

मयुरीला हसू आलं नाही. काच डोळ्यांना स्वच्छ दिसत होती. पण हा लेझर अतिनील आहे आणि तेलाचा न दिसणारा पापुद्रा तो शोषून घेतो. सकाळी काच तपासायला हवी होती. तिने ती तपासली नव्हती.

तिने काच बाहेरून अॅसिटोनने पुसली, ताकद पुन्हा मोजली आणि लेझर सुरू केला. ज्वाला लगेच भडक झाली. राहिलेला थर पुरा झाला. प्रश्न खालच्या थराचा होता. कमी ताकदीत धातूंचं प्रमाण बिघडतं, आणि वरचे अणू खालच्यांच्या मांडणीवरच बसत जातात.

तिचे मार्गदर्शक धनंजय सर परीक्षेच्या कामासाठी नागपूरला होते. तिने फोन लावून सगळं सांगितलं.

"बंडूजींना ओरडलीस का?"

"नाही सर."

"ओरडू नकोस. पूजेचा नारळ मीच आणला होता." मग ते म्हणाले, "आता ऑक्सिजन भर आणि हळूहळू निवू दे. घाईने दार उघडलंस तर उरलंसुरलंही जाईल."

पेटी निवायला दुपार गेली. मयुरीने जेवणाचा डबा उघडला नाही. बंडूजी दोनदा येऊन तापमानाचा काटा बघून गेले. तिसऱ्यांदा आले तेव्हा त्यांनी विचारलं, "यानं तुमची डिग्री अडकन का?"

"माहीत नाही, बंडूजी."

"मले पह्यलेच सांगाले पाह्यजे होतं तुमी, काचीले लावू नोका म्हून."

"हो. सांगायला हवं होतं."

पाचच्या सुमारास तिने चकती बाहेर काढली. थर काळा आणि चकचकीत होता, पण तसा तो वाईट नमुन्यातही दिसतो. तिने त्यावर चार बारीक तारा जोडल्या आणि ती द्रव नायट्रोजनच्या कॅनमध्ये इंचाइंचाने खाली सोडायला घेतली. हा नायट्रोजन गुरांच्या कृत्रिम रेतनासाठी गावोगाव फिरणाऱ्या गाडीवाल्याकडून येतो. बंडूजी कॅन धरून उभे राहिले.

थर चांगला असेल तर उणे १८१ अंशांजवळ विरोधाचा आकडा एकदम कोसळून शून्यावर येतो. वाईट असेल तर तो खाली येत राहतो, पण शून्य होत नाही.

"उतरून राह्यला ना?" बंडूजींनी विचारलं.

"उतरतोय. पण इथपर्यंत सगळेच उतरतात."

सहा वाजून दहा मिनिटांनी तापमान उणे १७७ होतं. आकडा सावकाश, सरळ रेषेत खाली येत होता. अजून चार अंश बाकी होते.