रेंज गेली की भूत गेलं

बरोब्बर सहा वाजून दहा मिनिटांनी शिंप्याचा फोन रडायला लागला.

साधी रिंगटोन नव्हे. तान्ह्या बाळासारखं, हुंदके देत, श्वास कोंडून रडणं. व्यायामशाळेच्या हॉलमधली दोनशे माणसं एका क्षणात गप्प झाली. शिंप्याने फोन दोन बोटांत, हातभर लांब धरला होता, जणू शेपटीला धरलेला उंदीर.

"बघा, बघा! मी कुठेही दाबलेलं नाही!"

फोनचा टॉर्च आपोआप लुकलुकला. पडद्यावर लाल अक्षरं उमटली: 'मुर्खांनो, मी जाणार नाही.'

मंचावर फोनबुवा उभा होता. पांढरा डगला, कानाला अडकवलेला माइक, एक हात आशीर्वादासाठी वर आणि दुसरा डगल्याच्या खिशात.

"लेकरांनो, घाबरू नका," तो म्हणाला. "अर्धवट लिहून न पाठवलेले संदेश कुठे जातात, विचार केलाय कधी? ते आतच भटकतात! त्यांना मुक्ती नसते!"

दोनशे माणसांनी आपापले न पाठवलेले संदेश आठवले आणि दोनशे चेहरे पडले. त्यात एक माझाही होता.

"जा!" फोनबुवा गरजला. रडणं थांबलं. टाळ्यांचा कडकडाट झाला.

मी मुद्रितशोधक. छापखान्यात बसून दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या, हा माझा धंदा. त्यामुळे भूत बघून माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की 'मूर्ख'मधला 'मू' दीर्घ असतो. मेल्यावर माणसाचं शुद्धलेखन बिघडतं की नाही, मला ठाऊक नाही. पण हॉलच्या दारावर फोनबुवाने जो फलक टांगला होता, त्यावरही 'मुर्खपणा सोडा, मूळदीक्षा घ्या' असंच लिहिलं होतं. भुताची आणि बुवाची शाळा एकच असावी.

हे मला तिथल्या तिथे दिसलं होतं. तरी मी बोललो नाही. कारण माझ्या शेजारी काका बसले होते, आणि मूळदीक्षेसाठी पुढचा नंबर त्यांचा होता.

काका म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. शाळेत चौतीस वर्षं कवायत शिकवली. आवाज असा, की निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी ते रस्त्यात नुसते खाकरले तर पन्नाशीची माणसं रांगेत उभी राहतात. त्यांना साखरेचा विकार. दंडावर एक छोटी चकती चिकटवलेली, ती रक्तातली साखर मोजून फोनला कळवते, आणि साखर फार खाली गेली की फोन भोंग्यासारखा ओरडतो. मावशी तीन आठवडे लेकीच्या बाळंतपणाला गेली होती. जाताना मला म्हणाली होती, "ह्यांच्याकडे लक्ष ठेव रे." मी ठेवलं होतं. नुसतंच ठेवलं होतं.

चार महिन्यांपूर्वी फोनबुवाने नाक्यावर दुकान थाटलं होतं. फोनच्या पडद्यावर काच फुकट बसवून मिळेल, असा बोर्ड. फुकट म्हटल्यावर सगळी गल्ली लोटली. "टच तपासायचाय, फोन उघडून द्या," म्हणून तो फोन आत न्यायचा आणि दहा मिनिटांनी नवी काच लावून हसतमुखाने परत द्यायचा. साधारण आठवड्याने फोन झपाटायचे. काकांचा हसायचा, शिंप्याचा रडायचा. केमिस्टचा तर गिऱ्हाइकासमोर घोरायला लागला. फुकट काच आणि भूत यांचा संबंध कुणी जोडला नाही. फुकटच्या गोष्टीवर संशय घेणं आपल्याकडे कृतघ्नपणा समजतात.

उपाय एकच होता. मूळदीक्षा.

"तुम्हाला वाटतं फोन तुमचा आहे?" फोनबुवा मंचावर विचारत होता. "साफ खोटं! तुम्ही भाडेकरू! मालक कंपनी! मुळाशी जायची तुम्हाला परवानगीच नाही. भूत मुळाशी बसलंय आणि तुम्ही फांद्या हलवताय! इंग्रजीत ह्याला रूट म्हणतात. मी तुम्हाला मुळाचा अधिकार देतो!"

यातलं अर्धं खरं होतं, आणि तीच खरी पंचाईत. शंभर टक्के खोटं पकडायला सोपं जातं.

काकांचा फोन आत गेला आणि तासाभराने कोरा होऊन आला. फोटो गेले, नंबर गेले. "सगळं पाप धुतलं गेलं," फोनबुवा म्हणाला. "आता अ‍ॅप पुन्हा घालाल तेव्हा काही सूचना येतील. त्या वाचू नका. भूत जाताना गयावया करतं. नुसतं 'ठीक आहे' दाबायचं."

काकांनी मान डोलावली. मी तर ओळ न् ओळ वाचून पोट भरणारा माणूस. तरी तिथेही गप्प बसलो. वडीलधाऱ्यांना चारचौघांत टोकायचं कसं, हे मला आजतागायत जमलेलं नाही.

पुढचे दहा दिवस काका खूश होते. "फोन कसा शांत झालाय बघ! भूतही गेलं आणि तो सारखा ओरडणारा भोंगाही गेला."

अकराव्या दिवशी फोन पुन्हा हसला. फोनबुवाने सांगितलं, मूळ निघालं पण तंतू राहिले, दुसरी दीक्षा लागेल. बाराव्या दिवशी मावशी परत आली.

तेराव्या दिवशी सकाळी तिचा मला फोन आला. ती एरवी ओरडत नाही. त्या दिवशी ओरडली, "लगेच ये!"

मी पोचलो तेव्हा काका स्वयंपाकघरात जमिनीवर बसले होते. सदरा घामाने भिजलेला, जीभ जड, आणि समोरच्या मिठाच्या बरणीला ते "मागे वळ, मागे वळ" असा हुकूम देत होते. मला हसू आलं नाही. मावशी त्यांच्या ओठाला साखरपाण्याचा पेला लावून बसली होती. पेला जराही हलत नव्हता. अर्ध्या तासाने काकांनी मला ओळखलं.

डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "अलार्म वाजला नाही?"

मावशीने फोन उघडला. साखरेच्या अ‍ॅपवर एकच ओळ होती: 'या फोनच्या मूळ प्रणालीत बदल केलेला आढळला. सुरक्षेसाठी हे अ‍ॅप चालणार नाही.' खाली बटण: 'ठीक आहे.'

"हे किती दिवस येतंय?" मावशीने विचारलं.

काका ओशाळून म्हणाले, "रोजच येतं. मला वाटलं, भूत गयावया करतंय."

डॉक्टरीणबाई बोट टोचून साखर मोजायचं छोटं यंत्र टेबलावर ठेवून, "अजून वीस मिनिटं उशीर झाला असता तर..." एवढं म्हणाल्या आणि वाक्य तिथेच सोडलं. त्यांच्यामागे दार लावून मावशी माझ्याकडे वळली.

"तू तिथे होतास?"

"होतो."

"आणि?"

मावशीने उत्तराची वाट पाहिली नाही. तिने एक वही काढली.

मावशीबद्दल सांगायचं राहिलं. टेलिफोन खात्याच्या तक्रार खिडकीवर तिने एकतीस वर्षं काढली. लोक येऊन सांगायचे, "फोन मेलाय." ती विचारायची, "कधीपासून? किती वाजता? पाऊस होता का? वायर कुत्र्याने चावली का?" एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय होतं ते लिहून ठेवायचं, हा तिचा धर्म.

तीन दिवस तिने भुताच्या वेळा लिहिल्या. सकाळी ९.४०, हसलं. ११.१५, टॉर्च. ५.०५, रडलं. चौथ्या दिवशी तिने वही माझ्यापुढे सरकवली.

"दुपारी एक ते चार भूत येत नाही. बुवाचं दुकान बंद कधी असतं रे?"

"एक ते चार."

"बरं. भूतही जेवून पडत असेल जरा."

मग तिने सिमकार्ड काढलं. भूत तरी आलं. सिम परत घालून घरचं वायफाय बंद केलं. तरी आलं. मग फोन विमान मोडवर टाकला. दिवसभर चिडीचूप. मोड काढला आणि पाच मिनिटांत खदाखदा हसू.

"जे रेंज गेल्यावर गप्प बसतं ते भूत नव्हे," मावशी म्हणाली. "तो कुणीतरी पलीकडून बोलतोय."

आम्ही सेटिंग उघडली. माझा धंदा शेवटी तिथे कामाला आला. बारीक अक्षर वाचायला मला कंटाळा येत नाही. यादीत 'फोनरक्षा' नावाचं, काकांनी कधीच न घातलेलं अ‍ॅप सापडलं. काढून टाकायला गेलो तर बटण फिकट, दबेचना. त्या अ‍ॅपने फोनच्या व्यवस्थापकाचा अधिकारच घेतला होता. त्याला परवानग्या तरी किती! दुसऱ्या अ‍ॅपच्या वर अक्षरं दाखवायची. टॉर्च लावायची. कॅमेऱ्याची, माइकची. पडद्यावर काय चाललंय ते वाचायची आणि स्वतः बटणं दाबायची. त्यावर कळस म्हणजे दीक्षेनंतर मिळालेला मुळाचा अधिकार. ज्या अ‍ॅपांना तो दिलाय त्यांची यादी फोनमध्येच होती. यादीत नाव एकच: 'फोनरक्षा. परवानगी: कायमची.' खाली तो अधिकार केव्हा केव्हा वापरला त्याच्या वेळा. ९.४०. ११.१५. ५.०५. मावशीच्या वहीशी मिनिटाचा फरक नाही.

"म्हणजे मालक तुम्ही, आणि किल्ली त्याच्या खिशात," मावशी काकांना म्हणाली.

काका मग म्हणाले, "शनिवारी बुवाच्या सभेला मी येणार. हॉलवर."

शनिवारी हॉल फुल्ल होता. फोनबुवाने नेहमीचं प्रवचन सुरू केलं तेवढ्यात मावशी उठली.

"बुवा, एक शंका. आज सगळ्यांनी आपापले फोन विमान मोडवर टाकूया. शिंप्याचा तेवढा चालू ठेवूया. मग तुम्ही भुतांना हाक मारा."

"विमान मोड हा आत्म्यांचा अपमान आहे!" फोनबुवा म्हणाला.

"आम्ही माफी मागू त्यांची," मावशी म्हणाली.

लोकांना गंमत वाटली. दोनशे बोटं पडद्यांवर फिरली. फोनबुवाला माघार घेता येईना. त्याने डोळे मिटले, खिशातला हात हलला. शिंप्याचा फोन रडायला लागला. बाकी हॉलमध्ये शुकशुकाट. केमिस्टने आपला फोन कानाशी धरून हलवून पाहिला.

"इतरांची भुतं आज... मौनात आहेत," फोनबुवा पुटपुटला.

तेव्हा माझ्या शेजारून आवाज फुटला.

"साऽऽवधान!"

दोनशे माणसं ताडकन उभी राहिली. टाचेला टाच जुळली.

"दोन्ही हात वर!"

चारशे हात वर गेले. आणि फोनबुवाचेही. शाळेत शिकलेलं अंगातून जात नाही; कुठल्या शाळेत शिकला ते महत्त्वाचं नाही. डगल्याच्या खिशातून त्याचा उजवा हात वर आला तो फोन घेऊनच, पडदा उजळलेला, तोंड थेट लोकांकडे. पहिल्या रांगेतून मी तो वाचला. मोठ्याने वाचला, अशा वेळी तरी वाचायलाच हवं.

"शिंपी: रडणे, चालू. केमिस्ट: घोरणे, संपर्क नाही. कवायत मास्तर: हसणे, संपर्क नाही. खाली बटणं आहेत: टॉर्च, कंप, लाल अक्षरं..."

शिंपी मंचावर चढला आणि त्याने फोनबुवाच्या पडद्यावरच्या आपल्या नावापुढचं बटण बोटाने दाबलं. त्याच्या स्वतःच्या हातातला फोन रडायचा थांबला. त्याने पुन्हा दाबलं. रडू लागला. पुन्हा दाबलं. थांबला. त्या मोठ्या माणसाचं तोंड लहान मुलासारखं झालं.

"माझी बायको चार रात्री झोपली नाही हो," तो फोनबुवाला म्हणाला, एवढंच.

फोनबुवाचा फोन घेऊन आम्ही रीतसर तक्रार केली. त्यात लोकांचे फोटो, निरोप, बोलणी, काय नव्हतं! पुढचं पोलिसांनी पाहिलं. काकांच्या फोनवर मूळची प्रणाली पुन्हा बसवून घेतली, चकतीचं अ‍ॅप चालू झालं. पहिल्यांदा भोंगा ओरडला तेव्हा काकांनी मुकाट्याने साखर खाल्ली.

पण खरी फजिती पुढे झाली. दुसऱ्याच दिवशी मावशीच्या दारात रांग लागली. सगळ्यात पुढे शिंपी, दोन्ही हातांत फोन धरून.

"बाई, तुम्ही एकदा हात लावा याला. तुमच्या हाताला गुण आहे."

मावशीने कपाळाला हात लावला. "माझ्या हाताला काही नाही! मुळाचा अधिकार वाईट नाही, अ‍ॅप वाईट नाहीत, फोन तर मुळीच वाईट नाही. वाईट एवढंच, की त्याने मागितला तेव्हा तुम्ही फोन उघडून दिलात आणि पुढे न वाचता हो म्हणालात. बस इथे. फोन तुझा, बोटही तुझंच चालेल."

शिंपी ओसरीच्या पायरीवर बसला. चष्मा चढवला. एकेक अ‍ॅप उघडून, अक्षर जुळवत, तो मोठ्याने वाचू लागला. "या... टॉर्चच्या अ‍ॅपला... तुमच्या संपर्कयादीची... परवानगी आहे." तो थांबला. वर बघितलं. "टॉर्चला माझ्या सासऱ्याचा नंबर कशाला हवा?"

"मला काय विचारतोस?" मावशी म्हणाली. "तुला काय वाटतं?"

मागची रांगही थांबली होती. शिंप्याने डोकं खाजवलं, पुन्हा एकदा ओळ वाचली, आणि कुणालाही न विचारता 'नाही' दाबलं.