उरलेले दोन पापे

मी एक जुनी घडीची खुर्ची आहे. सिनेमाच्या थिएटरात रांगेने बसलेल्या गुबगुबीत खुर्च्या तुम्ही पाहता. मी त्यांच्यातली नव्हे. मी रांगेच्या टोकाला, जाण्यायेण्याच्या वाटेवर, बिजागरीने अडकवलेली असे. थिएटर भरलं की मला खाली पाडायचं आणि उशिरा आलेल्याला माझ्यावर बसवायचं. तो उठला की माझी स्प्रिंग मला आपोआप वर घेई. मित्रांनो, माझ्यावर आवडीने कोणी बसलं नाही. दुसरीकडे जागा नसली म्हणजेच माझी आठवण होई. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही, पत्ता म्हणून सांगते.

माझा जन्म फ्रान्समधल्या नांत शहरातल्या एका कारखान्यात झाला. लाकूड एकाने तासलं, लाल मखमल एका बाईने ठोकली. त्या कारखान्यातली एक गोष्ट मी कधी विसरले नाही. नांतमध्ये कोणी भेटलं की गालावर पापे द्यायचे, आणि तेही चार. दोन इकडे, दोन तिकडे. सकाळी बायका एकमेकींना भेटायला लागल्या की पहिला खिळा ठोकेपर्यंत साडेआठ वाजत. मी खुर्ची. मला वाटलं, जगात सगळीकडे चारच असतात.

मग मला ब्रतान्यच्या किनाऱ्यावर पोर-केलेन नावाच्या गावात पाठवलं. तिथे दोनच होते. मासेमारीचं गाव, तोंडावर सतत खारा वारा; लोक दोनात भागवत.

थिएटर सुरू झालं त्या दिवशी महापौर उशिरा आले आणि माझ्यावर बसले. उठताना म्हणाले, "वा, फार आरामशीर!" माझ्या आयुष्यातली ही एकमेव स्तुती, आणि तीही निवडणुकीच्या महिन्यातली.

माझ्यात एक खोड होती. उठताना पाठीमागे हात लावून मला हळू सोडलं नाही, तर मी 'थाड्' करून आपटे. गावातल्या निम्म्या लोकांना हे माहीत होतं आणि उरलेल्या निम्म्यांमुळे ते सगळ्यांना कळे. नेहमी हात लावणारी एकच होती, रोझेन.

रोझेन ही आनिकची मुलगी. आनिक तिकिटं फाडायची आणि अंधारात बॅटरी दाखवून लोकांना जागेवर न्यायची. रोझेन गळ्यात टोपली अडकवून आइस्क्रीम विकायची, आणि सिनेमा सुरू झाला की येऊन माझ्यावर बसायची. आमच्याकडचे सिनेमे तुम्ही पाहिले नसतील. त्यात पहिलं प्रेम कधी लागू पडत नाही. मुलगी खिडकीशी उभी राहते, मुलगा सायकलवरून निघून जातो, कोणीतरी पाव विकत घेतं आणि पडद्यावर 'समाप्त' येतं. यंत्रावर बसणारे लगादेक काका म्हणत, "शेवटी लग्न झालं तर समजायचं, रिळांचा डबा चुकून दुसऱ्या देशाचा आलाय." रोझेन हे सगळे सिनेमे पाहून मोठी झाली. तरी तिला वाटायचं, आपलं तसं होणार नाही. चौदाव्या वर्षी सगळ्यांनाच तसं वाटतं.

एकाहत्तर सालच्या उन्हाळ्यात फाब्रिस आला. त्याच्या मावशीचं बंदरावर घावनांचं दुकान होतं, सुट्टीत तो तिच्याकडे राहायला आला होता. उंच, कानाशी केस, आणि बोलताना समोरच्याचं सगळं ऐकून घेणारा. शेवटचा गुण त्या वयात फार धोक्याचा. जुलैच्या पहिल्या रविवारी तो तीनच्या खेळाला आला. आनिकशी त्याने अदबीने हात मिळवला, "बाँझूर, मादाम." मग माझ्याशेजारी उभ्या असलेल्या रोझेनकडे वळला आणि एक पापा, दोन पापे. रोझेन मागे सरकणार, इतक्यात तिसरा. आणि चौथा.

रोझेन टोपलीसकट माझ्यावर बसली. त्या दिवशी एकही आइस्क्रीम विकलं गेलं नाही.

पुढल्या रविवारीही चार. त्याच्या पुढल्याही. आईला नुसता हात, आपल्याला चार! दोन गावाच्या रीतीचे, हे तिला कळत होतं. मग वरचे दोन कशाचे? याचं उत्तर तिने आपल्या मनानेच काढलं. दर रविवारी सिनेमा संपला की ती वाकून केसातल्या पिनेने माझ्या पोटाखाली दोन रेघा ओढायची. गावाचे दोन मोजायचे नाहीत, फक्त वरचे. ऑगस्ट सरत आला तेव्हा माझ्या पोटावर सोळा रेघा होत्या.

मित्रांनो, मी नांतची. मला सगळं ठाऊक होतं. वरच्या दोन पाप्यांचा अर्थ एवढाच की पोरगा घरातून चांगलं वळण घेऊन आलाय. पण मला तोंड नाही. मला एकच आवाज काढता येतो, आणि तो कोणाच्या उपयोगाचा नाही.

ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी फाब्रिस परत जाणार होता. पाचची गाडी होती, म्हणजे सिनेमा अर्धा टाकूनच उठायचं. रोझेनने ठरवलं, आज सांगायचं. सकाळी खुर्च्या पुसता पुसता ती माझ्यासमोर उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "फाब्रिस, तू मला आवडतोस. नुसता नाही, खूप." मग 'खूप' काढून म्हणून पाहिलं. मग पुन्हा घातलं.

मागून आनिक आली. "काय गं, खुर्चीशी बोलतेस?"

"नाही. मखमल पुसतेय."

"मखमल लाजून लाल झाली की काय बघ. आणि तो कोपरा राहिलाय."

दुपारी थिएटर गच्च भरलं. माझ्या शेजारची जागा रोझेनने आपला कोट टाकून फाब्रिससाठी धरून ठेवली होती. तो आला. आज निरोपाचा दिवस, म्हणून दाराशी थांबून एकेकाला भेटू लागला. पोस्टातल्या मादाम केरवेलांना त्याने पापे दिले. एक, दोन, तीन, चार. मग त्यांच्या म्हाताऱ्या बहिणीला चार. मग आनिककडे वळला आणि आज हात पुढे न करता गालच पुढे केला.

लगादेक काका जिन्यावरून ओरडले, "आनिक, पळ! नांतचा आहे तो, चार झाल्याशिवाय सोडायचा नाही! माझी वहिनी तिकडचीच. तिच्याकडे जेवायला गेलं की सगळ्यांना भेटेपर्यंत सूप गार!"

दाराशी सगळे हसले. आनिकही हसली, आणि तिने चारही घेतले.

रोझेन माझ्याजवळ उभी होती. तिचा हात माझ्या पाठीवर होता. तो हात सरकत माझ्या पोटावरच्या रेघांवर आला.

फाब्रिस तिच्यापाशी आला. "तुला जाताना भेटतो," म्हणाला आणि धरलेल्या जागेवर बसला. दिवे गेले. रोझेनने मला खाली केलं आणि बसली. पडद्यावर एक मुलगी खिडकीशी उभी राहिली. सकाळचं वाक्य रोझेनच्या ओठांवर दोनदा आलं, ते मला तिच्या श्वासावरून समजलं. दोन्ही वेळा ती ते परत घेऊन गेली.

थोड्या वेळाने फाब्रिस कुजबुजला, "चल, निघतो मी." आणि तिच्याकडे वाकला. एक. दोन. मग रोझेनने मान मागे घेतली. तिसरा पापा हवेत गेला.

तो हसला. "अगं, अजून दोन राहिले."

"आमच्याकडे दोनच असतात."

"अरेच्चा, खरंच?" तो खरोखर गोंधळला. "मग सबंध उन्हाळाभर सांगितलं का नाहीस?"

याला तिच्याकडे उत्तर होतं. सकाळी तीनदा म्हणून पाहिलेलं. पण तिने खांदे उडवले. तो गेला.

तो दाराशी पोचला असेल नसेल, तोच रोझेन ताडकन उठली. त्याच्या मागे जायचं, सांगून टाकायचं; आपण आवडत नसलो त्याला, तर नसू दे. आयुष्यात पहिल्यांदाच ती मला हात लावायला विसरली.

मी आपटले. 'थाड्!'

सगळं थिएटर वळलं. "शूऽऽ!" झालं. कोणीतरी म्हणालं, "पोरी, बस की खाली!" रोझेन वाटेच्या मध्यावर उभी राहिली, दोनशे तोंडं तिच्याकडे. तेवढ्यात दार उघडून मिटलं. दाराच्या फटीतून आलेला उन्हाचा पट्टा तिच्या पायांपर्यंत आला आणि गेला. ती परत आली, तिने मला खाली केलं आणि 'समाप्त' येईपर्यंत बसून राहिली.

तो तिला 'नाही'च म्हणाला असता, हे मला माहीत आहे. पण ते 'नाही' तिचं तिला मिळायला हवं होतं. ते माझ्या आवाजाने हिरावलं. स्प्रिंगचा दोष, असं म्हणून मी बरीच वर्षं काढली.

पुढच्या रविवारी रोझेनने आपल्या जुन्या कोटाचा एक जाड तुकडा कापून आणला आणि माझ्या पोटाखाली चिकटवला. नेमका सोळा रेघांवर. तेव्हापासून मी आवाज केला नाही. फाब्रिस पुन्हा आला नाही. मावशीने दुकान विकलं. पुढे वाटेत खुर्च्या नकोत असा नियम आला आणि मला उपटून काढलं. आता मी तिकिटाच्या खिडकीच्या आत, भिंतीला लावलेली आहे. थिएटर आता रोझेनच चालवते. केस पांढरे झालेत, चष्मा आहे, दोन नातवंडं आहेत. उठताना अजून मला हात लावते.

मित्रांनो, घडीच्या खुर्चीवरून उठाल तेव्हा तिला हळू सोडा. कोण कुठे निघालं आहे, हे कोणालाच माहीत नसतं. आणि तुम्हाला तोंड आहे, तेव्हा जे माहीत आहे ते वेळेवर सांगा. माझ्यासारखं पोटाखाली ठेवू नका.

उन्हाळ्यात गावोगावचे लोक येतात. कोणी ओळखीचं झालं, गाल पुढे करू लागलं, की रोझेन आधी हात वर करून थांबवते आणि हसून विचारते, "तुमच्याकडे किती?"

लोकांना वाटतं, काय रीतीची बाई आहे!