तीन मिलिमीटरची मान

मित्रांनो, मी कागद कापणारी एक जुनी मशीन आहे. माझं पातं तुमच्या पेन्सिलीच्या टोकाएवढं आहे. चिकट मॅटवर कागद बसवायचा आणि लॅपटॉपवरून चित्र पाठवायचं. रूळ कागद पुढे-मागे सरकवतात, पातं डावी-उजवीकडे धावतं. एवढ्या दोनच हालचालींतून मी मोर कापले, नंदी कापले, माणसांचे चेहरेही कापले.

जळकोटला मला शिवप्रियाने आणलं. ती भौतिकशास्त्राची पदवीधर. कोणत्या कागदाला पात्याचा किती दाब लागतो, हे ती वहीत लिहून ठेवायची. ती लग्नाची, बारशाची कार्डं करून द्यायची, आणि तिची कार्डं हलायची. पट्टी ओढली की फूल उमलायचं, चकती फिरवली की बाळाचं नाव दिसायचं. लोक म्हणायचे, "काय डोकं हाय पोरीचं!" माझं नाव कुणी घेतलं नाही. पण रोज संध्याकाळी ती मऊ ब्रशने माझ्या पोटातला कागदाचा भुसा काढायची. मला तेवढं पुरे होतं.

मग तिचंच लग्न ठरलं, भूमच्या गौरीशंकरशी. स्वतःची पत्रिका तिने स्वतः आखली. मंडपात वधू हार घेऊन उभी आणि समोर नवरा. खालची पट्टी ओढली की नवऱ्याची मान हारासाठी खाली झुकायची. सहज झुकावी म्हणून तिने मान फक्त तीन मिलिमीटर रुंद ठेवली. वीस वेळा ओढून पाहिली. फाटली नाही.

सोलापूरला बस्त्याला जाताना नवऱ्याकडची माणसं वाट वाकडी करून जळकोटला आली. पहिली पत्रिका त्यांना द्यायची होती. त्याआधी शिवप्रियाच्या आईने, शिवम्माने, पत्रिकेच्या चार कोपऱ्यांना ओली हळद लावली. मग तिला काय वाटलं कोण जाणे, जावयाला लावावी तशी तिने कागदाच्या नवऱ्याच्या गळ्यालाही बोटभर लावली. मी टेबलावरून पाहत होते. ओल्या कागदातली ताकद निम्म्याहून कमी होते. मला ते कळत होतं, पण मला बोलता कुठे येतं?

गौरीशंकरच्या श्रीदेवी आत्याने पट्टी ओढली.

"अगं बाई! मुंडकंच आलं की हातात!"

तिने तो तुकडा सगळ्यांना दाखवला.

"लग्नाच्या आदीच आमच्या पोराची मान मोडली ह्या घरानं," आत्या म्हणाली. "आता कसला बस्ता न् काय!"

"आत्या, तसं काही नाही. कागद ओला..." शिवप्रिया बोलू लागली आणि थांबली. तिची नजर आईकडे गेली होती. शिवम्माने पिवळी बोटं पदराखाली घेतली.

"मान बारीक ठेवली मी," शिवप्रिया म्हणाली. "माझी चूक झाली."

गौरीशंकर मोबाइलमध्ये बघत म्हणाला, "आत्या म्हणती तसं करू."

गाडी सोलापूरच्या रस्त्याला लागलीच नाही. आली तशी भूमकडे वळली.

त्यानंतर शेजारणी मला बघायला यायच्या. "मुंडकं तोडणारी मशीन हीच का गं?" पोरं कागदाचे बाहुले आणून म्हणायची, "आक्का, ह्याचं बी तोडा की!" कुणी कार्डाचं काम देईना. मला पोत्यात घालून माळ्यावर टाकलं, ज्वारीच्या कणग्यांमागे. चार महिन्यांत पात्यावर गंज चढला.

मग एके दिवशी श्रीदेवी आत्या परत आली, हसत.

"आमच्या गौरीशंकरचं जमलं बघ. पोरगी कळंबची हाय, मोनिका. तुझं त्ये कार्ड लई भारी हुतं. तसंच पायजे, निस्तं नाव बदल." दारात उभ्या शिवम्माकडे बघून तिने पुढे जोडलं, "आन ह्या टायमाला हळद कोरडी लावा. वली लावली की कागद मऊ पडतोय."

"तेव्हाच कळलं होतं तुम्हाला?" शिवप्रियाने विचारलं.

"कळायचं काय त्यात? हाताला लागली की हळद. आता कशाला उकरतीस? कवा देतीस सांग."

"आठ दिवसांत."

आत्या गेल्यावर शिवम्मा हळदीची वाटी घेऊन आली. "सगळ्या कार्डांच्या गळ्याला वली लावते. तुटू दे समद्यांच्या हातात!"

शिवप्रियाने तिचं मनगट धरलं. "न्हाय अव्वा. बोल कुणाला लागंल? त्या मोनिकालाच की."

तिने मला खाली उतरवलं, पातं बदललं, रूळ पुसले. मान तीनची आठ मिलिमीटर केली आणि मागून पारदर्शक चिकटपट्टी लावली. मग त्याच वाटीतली ओली हळद गळ्याला फासून शंभर वेळा ओढली. फाटली नाही. नवरा मात्र आता जेमतेमच वाकायचा.

शेवटी तिने लॅपटॉपवरचं एक नाव पुसून दुसरं लिहिलं. 'शिवप्रिया' कापायला मला बावीस सेकंद लागायचे. 'मोनिका' सोळात झालं. दोनशे वेळा कापलं.

मित्रांनो, माझं पातं पुसत जा, मला धुळीत टाकू नका. मला चालू, बंद आणि थांब एवढी तीनच बटणं आहेत; दिलेलं चित्र कापायचं नाही, असं म्हणायचं चौथं नाही. म्हणून मागते ते एवढंच. तुमच्या हातात काही तुटलं, तर कुणाला बोल लावण्याआधी आपली बोटं एकदा बघा. ओली असतील, तर पदराखाली घेऊ नका.