रिकाम्या घरातली एकुलती एक खुर्ची

मित्रांनो, जगाचा सगळा इतिहास खुर्च्यांनी घडवला आहे. माणसे आमच्यावर बसण्यासाठी लढली, बसल्यावर बिघडली आणि उतरवल्यावर आठवणी सांगत फिरली. अशा थोर कुळात माझा जन्म झाला. मी एक जुनी खुर्ची आहे; घडीची, लोखंडी नळ्यांची, निळ्या कापडी बैठकीची. माझ्यासाठी आजवर कोणी लढलेले नाही. एकदा दोघांत माझ्यावरून वाद झाला होता, पण तो मला रिक्षात कोणी मांडीवर घ्यायचे यावरून.

मी एका पत्र्याच्या शेडमध्ये तयार झाले. एकाने नळ्या वाकवल्या, दुसऱ्याने जोड दिले, तिसऱ्याने कापड शिवले आणि चौथा माझ्यावर बसून पाहून समाधानाने उठला. त्याला बसण्याचाच पगार मिळत असे. इतका सुखी नोकरदार मी पुढे पाहिला नाही. नंतर बरेच दिवस मी एका दुकानाच्या दारात बादल्या आणि शिड्यांच्या संगतीत उभी होते. तिथून एका मुलाने मला आपल्या आईच्या गुडघ्यांसाठी विकत घेतले.

ही आई म्हणजे आमच्या बाई. त्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होत्या आणि आता निवृत्त झाल्या होत्या. बोलणे कमी, ऐकणे फार. मुलगा छापखान्यात कामाला होता. समोरचा काहीही म्हणाला तरी तो 'हो हो' म्हणे, म्हणून घरात त्याचे नावच होहो पडले होते. सूनबाई रक्त तपासण्याच्या लॅबमध्ये होत्या. रिपोर्ट हातात येईपर्यंत त्या कोणाला आजारी म्हणत नसत आणि बराही म्हणत नसत. तिघे भाड्याच्या घरात राहत होते. मालकाला तिथे स्वतःच राहायला यायचे होते, तेव्हा घर सोडणे भाग होते. भांडी कागदात गुंडाळण्यात सगळेच आता तरबेज झाले होते. यापुढे सामान बांधायचे ते शेवटचे, आणि सोडायचे ते स्वतःच्या घरात, असे त्यांनी ठरवले.

घर बघायच्या आधी सूनबाई बँकेत गेल्या. घर मिळाल्यावर कर्जाचे बघू, असे होहोचे म्हणणे होते. सूनबाई म्हणाल्या, "रक्त काढायच्या आधी माणसात किती आहे ते बघतात." बँकेने किती देता येईल ते सांगितले, आणि मगच आम्ही चौघे बाहेर पडलो. चौघांत मी धरलेली आहे.

घरे दाखवणारा एजंट फार गोड माणूस होता. त्याच्याजवळ वाईट घर नव्हतेच. अंधारे असेल तर ते थंड, रस्त्यावर असेल तर सोयीचे आणि फारच लांब असेल तर भविष्यातले. होहो दारातूनच हो हो म्हणे. पण बाईंना उभे राहवत नसे. त्या मला स्वयंपाकघरात उघडत, बसत आणि मग काही केल्या उठत नसत. बसणाऱ्या माणसाला घर आपण होऊन सगळे सांगते, हे मी तेव्हा शिकले. एका घरात थोड्या वेळाने माझे चारही पाय थरथरू लागले. वरच्या मजल्यावर व्यायामशाळा होती. एजंट म्हणाला की शेजार तब्येतीचा आहे.

नव्या इमारतीतल्या नमुन्याच्या घराने तर तिघांना वेडच लावले. केवढ्या त्या खोल्या! पलंग मांडूनही केवढी ती जागा! तिथल्या सोफ्यावर बसायला मनाई होती, म्हणून बाईंनी मला पलंगाशेजारी उघडले. आणि मित्रांनो, मी आयुष्यात पहिल्यांदा भव्य दिसले. पलंगाशेजारी मी सिंहासनासारखी उभी होते. बाईंनी एकदा माझ्याकडे पाहिले, एकदा पलंगाकडे, आणि लेकाला आडवे व्हायला सांगितले. होहोचे पाय पोटऱ्यांपासून बाहेर आले. खोल्या मोठ्या दिसाव्यात म्हणून सगळे सामानच लहान मापाचे करून ठेवले होते.

मग सूनबाईंनी क्षेत्रफळ विचारले. एजंटाने सांगितलेल्या आकड्यात जिना, लिफ्ट आणि गच्चीचाही वाटा निघाला. आतून भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजले तेव्हा एक अख्खी खोली हवेत विरली. बाईंनी शांतपणे विचारले, "लिफ्टचे पैसे आम्ही भरायचे, तर आमचं कपाट लिफ्टमध्ये ठेवलं तर चालेल ना?" एजंट हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांना खरेच कपाटाची काळजी होती.

आणि मग ते घर आले. जुन्या इमारतीतले, दुसऱ्या मजल्यावरचे, रिकामे. खोल्या खऱ्या मापाच्या होत्या, उजेड होता, आणि बाईंना चढता येईल असा जिना होता. शिवाय बँकेने सांगितलेल्या रकमेत बसणारे. सूनबाई, ज्या रिपोर्टशिवाय श्वासही घेत नसत, त्या चक्क खिडकीपाशी उभ्या राहून पडद्यांचा रंग ठरवू लागल्या. या घराचे मालक एक टक्कल पडलेले गृहस्थ होते. घर त्यांच्या आईचे होते आणि आई आता नव्हती. एजंट म्हणाला, संध्याकाळी दुसरे गिऱ्हाईक यायचे आहे, बयाणा आत्ताच देऊन टाका. होहोचा हात खिशाकडे गेला.

"मी जरा बसते," बाई म्हणाल्या.

बाई बसल्या की वेळ जातो आणि वेळ गेला की शेजारी येतात. समोरच्या दारातल्या आजी कोण आले ते पाहायला आल्या आणि उंबऱ्याशी टेकल्या. बाईंनी फक्त एवढेच विचारले की तुम्ही इथे बरीच वर्षे आहात का. मग त्यांना काही विचारावे लागले नाही. आजींच्या बोलण्यात हळूहळू एक मुलगी आली. याच घरात वाढलेली, मालकांची थोरली बहीण, आईच्या आजारपणात भावाशी बिनसले तेव्हापासून न फिरकलेली.

सूनबाईंनी पडद्यांचा विचार थांबवला. घराची कागदपत्रे घेऊन त्या एका वकीलबाईंकडे गेल्या. वकीलबाईंनी जुन्या नोंदी काढल्या. हे घर कोणाकडून कोणाकडे आले, त्यावर कोणाचे कर्ज आहे का, सगळे पाहिले. आईने मृत्युपत्र केलेले नव्हते. म्हणजे घर दोन्ही लेकरांचे होते. मालक म्हणाले की बहिणीला काही नको आहे, तसे ती बोलली होती.

"बोलून सुटत नाही हक्क," वकीलबाई म्हणाल्या. "त्यांची सही नसेल तर तुम्ही अर्धंच घर घेताय. कोणतं अर्धं, ते उरलेला जन्म शोधत बसाल."

एजंट म्हणाला, बहिणीची वाट पाहाल तर घर हातचे जाईल. होहो त्यालाही हो हो म्हणाला आणि वकीलबाईंनाही. भाड्याचे घर सोडायची तारीख जवळ येत होती. त्या रात्री कोणी नीट जेवले नाही. सकाळी बाईंनी मला काखोटीला मारले आणि सुनेला म्हणाल्या, "चल, विचारून तर येऊ."

बहिणीचे चष्म्याचे दुकान होते. आत गर्दी होती, म्हणून बाई मला दारात उघडून बसल्या. त्यांना गिऱ्हाईक समजून बहिणीने यथावकाश आत नेले, मला घेऊन सूनबाई मागोमाग आल्या, आणि बहिणीने भिंतीवरची अक्षरे वाचायला लावली. बाईंनी शेवटच्या ओळीपर्यंत सगळी वाचली.

"नजर चांगली आहे की तुमची. त्रास काय होतो?"

"मला नाही होत. तुमच्या आईचं घर घ्यावं म्हणतोय आम्ही."

बहिणीने हातातली काच खाली ठेवली. "तो विकतोय ना? त्यालाच विचारा. मला सहीपुरतं कशाला विचारता?"

"सही तर लागेलच," बाई म्हणाल्या. "पण आधी सांगा, तुम्हाला ते विकायचंय का?"

सूनबाईंनी माझी पाठ घट्ट धरली. या एका प्रश्नाला 'नाही' असे उत्तर आले की घर गेले, हे त्यांना कळत होते. बाईंनाही कळत होते. तरी त्यांनी विचारले. हा प्रश्न आजवर भावाने विचारला नव्हता, एजंटाने विचारला नव्हता, कोणीच विचारला नव्हता. मी अनेकांना पाठीवर घेतले आहे, मित्रांनो, पण इतके वजनदार माणूस माझ्यावर दुसरे बसलेले नाही.

"बघून सांगते," बहीण म्हणाली.

रविवारी ती आली. रिकाम्या घरात बसायला माझ्याखेरीज काही नव्हते. भावाने मला भिंतीपासून उचलले, रुमालाने पुसले आणि तिच्यापुढे ठेवले. "बस," तो म्हणाला. ती बसली आणि बराच वेळ बसून राहिली. आमच्या बाई, दुखऱ्या गुडघ्यांनिशी, भिंतीला टेकून उभ्या होत्या.

शेवटी बहीण म्हणाली, "टकला झालास की."

"तुझे तरी केस कुठे काळे राहिलेत," भाऊ म्हणाला.

मग ती उठली, सगळ्या खोल्यांतून फिरली आणि स्वयंपाकघरातून तिचा आवाज आला. "विकू या. पण हा नळ आधी दुरुस्त करून दे यांना. आई किती वर्षं सांगत होती." भावाने मुकाट्याने प्लंबरला फोन लावला.

त्यानंतरची कामे रांगेत उभे राहण्याची होती. बयाणा दिला तो पावती घेऊन. करारावर भाऊ आणि बहीण दोघांची नावे आली. बँकेचा माणूस घराची किंमत ठरवायला आला आणि माझ्यावर बसून चहा प्याला. माझी किंमत त्याने ठरवली नाही. मुद्रांक शुल्क भरले, नोंदणी कार्यालयात सगळ्यांचे फोटो आणि अंगठे झाले. तिथल्या साहेबांनी होहोला विचारले, राजीखुशीने घेताय ना? तो एकदाच 'हो' म्हणाला. मग भावाबहिणीने मिळून बाईंच्या हातावर किल्ली ठेवली. पाण्याचे आणि विजेचे बिल नावावर होईपर्यंत सूनबाईंनी तरीही कोणाला पेढे दिले नाहीत. रिपोर्ट यायचा होता.

आता घर भरले आहे. सोफा आला, जेवणाचे टेबल आले, बाईंसाठी हात असलेली गादीची खुर्ची आली. मी गॅलरीत असते. माझ्या एका पायाचे रबर गेले आहे आणि निळ्या कापडाचा रंग आता आठवणीनेच ओळखावा लागतो. पण मला तक्रार नाही. मित्रांनो, घर घ्याल तेव्हा त्यात आधी थोडे बसा. मापे आतून घ्या, कागद जाणत्या माणसाकडून वाचून घ्या आणि त्या घरावर ज्याचा ज्याचा जीव आहे त्याला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. ज्यांनी तुम्हाला बसायला आधार दिला त्यांनाही सांभाळा.

आणि सूनबाई भेटल्या तर एवढे सांगा, माझ्यावर ठेवलेल्या कुंडीखाली एक बशी ठेवा.